लेन्स कुठल्या घरून आली?

नागपुरात मे महिन्यात दोरीवरचा ओला टॉवेल बघता बघता वाळून कडक होतो. अशा गावात लेन्सला बुरशी लागायला नको. तरी लागते, आणि दोष एकट्या पावसाळ्याचा नसतो. एप्रिलपासून घरोघरी खिडकीत कूलर घरघरत असतो. ओल्या खसमधून आलेली दमट हवा खोलीभर फिरते आणि त्याच खोलीतल्या कपाटात, कातडी केसमध्ये बंद करून कॅमेरा ठेवलेला असतो. कूलर उतरतो तोवर पाऊस आलेला असतो. आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बरेच दिवस टिकली की बुरशीला तेवढं पुरतं. म्हणून कुणी जुनी लेन्स दाखवायला आणली की मी आधी ब्रँड बघत नाही, किंमतही विचारत नाही. "भाऊ, ही राहत कुठं होती?" एवढंच विचारतो. कूलरच्या खोलीतली, मुंबईहून आलेली, वऱ्हाडातल्या धुळीत लग्नं मारलेली, ताडोब्याच्या जिप्सीतली, प्रत्येकीचं दुखणं वेगळं असतं.

सध्या जुनी लेन्स घ्यायला दिवस चांगले आहेत. २०१८ मध्ये कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड माउंट आणली. लग्नवाले स्टुडिओ हळूहळू मिररलेसकडे गेले आणि डीएसएलआरच्या चांगल्या लेन्स बर्डीच्या बाजारापासून व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे विकायला निघाल्या. कॅननची ईएफ माउंट १९८७ ची. पण त्या माउंटच्या लेन्स आजही कॅननच्या अॅडॅप्टरवर आरएफ बॉडीला लागतात आणि ऑटोफोकससकट चालतात. म्हणजे स्वस्त झाल्या आहेत, निकामी नाही.

निकॉनमध्ये मात्र जपून. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यावर जुनी ५० एमएम एएफ-डी लावली तर फोकस हातानेच फिरवावा लागतो. मिररलेससाठीच्या एफटीझेड अॅडॅप्टरवरही तेच. एएफ-एस लिहिलेली लेन्स दोन्हीकडे चालते. या तीन अक्षरांसाठी थोडे जास्त पैसे गेले तरी जाऊ द्यावेत. फिल्मच्या जमान्यातल्या काही सिग्मा लेन्स कॅननच्या डिजिटल बॉडीवर सरळ एरर दाखवतात. 'लागते हो' या शब्दावर त्या घेऊ नयेत, स्वतःच्या बॉडीवर लावून, अॅपर्चर बारीक करून फोटो काढून बघावा.

आता टॉर्च. मोबाइलचा चालतो. दोन्ही कॅप काढा, मागून तिरपा उजेड टाका आणि समोरून बघा. धूळ दिसेलच. तिला घाबरू नका, ती फोटोत उतरत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ते फंगस. धुरकट थर असेल तर बहुधा ग्रीसची वाफ बसलेली असते, ती पुसली जाते. कडेला इंद्रधनुषी डाग असला तर आतल्या दोन काचा जोडणारा डिंक सुटत आहे. त्या लेन्सला नमस्कार करून परत द्या, ते काम खर्चाच्या मानाने परवडत नाही. फंगसबद्दल माझं मत थोडं उदार आहे. कडेला चार धागे असतील आणि भाव निम्मा असेल तर मी घ्या म्हणतो. पण बुरशीचं आम्ल कोटिंग खातं. धागे पुसले तरी खाल्लेल्या जागेचे व्रण राहतात, आणि मधोमध व्रण असलेली लेन्स उन्हासमोर धरली की चित्र फिकं पडतं. 'एका लेन्सची बुरशी दुसरीला लागते' म्हणून लोक घाबरतात. अहो, बीजाणू हवेतच असतात. कपाट कोरडं ठेवणं महत्त्वाचं. पुढच्या काचेवरच्या एखाद्या ओरखड्यावरून लोक सौदा मोडतात आणि मागची काच बघतच नाहीत. मागचा ओरखडा जास्त नडतो.

बुरशीइतकंच इथलं ऊनही बघा. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. बंद कारच्या डिकीत त्याहून जास्त तापतं. ग्रीस पातळ होऊन त्यातलं तेल अॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं आणि पाती चिकटतात. निकॉनच्या जुन्या लेन्समागे छोटा खटका असतो. तो दाबून सोडला की पाती झटकन फिरली पाहिजेत. आळसावली तर तेल. कॅननमध्ये खटका नाही. तिथे एफ/८ ठेवायचं, डेप्थ-ऑफ-फील्डचं बटण दाबून धरायचं आणि तसंच लेन्स काढायची. पाती मिटलेली राहतात, मग टॉर्च मारून बघा.

नागपूरकराला खरी भूल पडते ती टेलीची, म्हणजे लांबच्या टेलिफोटो लेन्सची. ताडोबा इथून दीडेकशे किलोमीटरवर, पेंच त्याहून जवळ. एका सफारीत वाघ दिसला की १५०-६०० झूम हवी होते. अशी लेन्स विकणारा 'फक्त जंगलात वापरली' असं अभिमानाने सांगतो, आणि मला तिथेच शंका येते. झूम लांब-आखूड होताना हवा आत ओढते, हवेबरोबर जिप्सीची धूळ. रिंग फिरवताना करकर येते का, स्टॅबिलायझर चालू झाल्यावर चित्र उडी मारतं का, हे बघा. माझी आवड विचाराल तर कॅननची १९९३ ची ४०० एमएम एफ/५.६. स्टॅबिलायझर नाही, नळी लांब होत नाही, त्यामुळे बिघडायला फारसं काही नाही. जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा कोअर बंद असतो. टेलीच्या भावाची घासाघीस मी त्याच महिन्यांत करतो.

शेवटी हौशी मंडळींसाठी. एम४२ पेचाच्या सुपर टाकुमार ५० एमएम एफ/१.४ लेन्स कधीकधी आजोबांच्या ट्रंकेत निघतात. कॅननवर आणि मिररलेसवर त्या साध्या रिंगने बसतात. निकॉनच्या डीएसएलआरवर लांबचं फोकस होत नाही, कारण तिथे सेन्सर माउंटपासून मिलिमीटरभर जास्त मागे असतो. या लेन्सच्या बहुतेक नगांत थोरियमची काच आहे आणि ती वर्षांनुवर्षांत चहाच्या रंगाची होते. अतिनील किरणांनी तो रंग उतरतो. त्यासाठी आपलं ऊन आहेच, फक्त मे महिन्यातलं नको, ग्रीस वितळेल. डिसेंबरात खिडकीत, खाली अॅल्युमिनियम फॉइल घालून काही आठवडे ठेवा, आणि जवळ पडदा किंवा कागद ठेवू नका, नाहीतर काच ऊन एकवटून आग लावेल. विकणाऱ्याला मात्र ती पिवळी काच बहुधा खराब झालेली वाटत असते. भाव पाडायला तो मुद्दा पुरेसा आहे, आणि मी तो बिनदिक्कत वापरतो.