सद्वर्तनाचें अधिष्ठान

मनुष्य सज्जन होतो तो संस्कारानें, अशी आपली परंपरागत श्रद्धा आहे. ती खोटी नव्हे. परंतु संस्कार ज्यांत सांठवावयाचे तें पात्रच भंगलें तर काय, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं.

१८४८ सालच्या सप्टेंबरच्या १३ तारखेस अमेरिकेंतील व्हर्मांट संस्थानांत, कॅव्हेंडिश गांवाजवळ, आगगाडीच्या रस्त्यासाठीं खडक फोडण्याचें काम चाललें होतें. मुकादम फिनिअस गेज, वय वर्षें २५. सुरुंगाची दारू ठासतांना भडका उडाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सव्वातेरा पौंड वजनाची पहार त्याच्या डाव्या गालांतून शिरून माथ्यांतून बाहेर पडली. नवल हें कीं, तो थोड्याच वेळांत बोलूं लागला! डॉक्टर हार्लो यांनीं त्याला वांचविलें. डावा डोळा गेला. वाचा व स्मृति शाबूत राहिली. गेला तो स्वभाव. पूर्वीचा दक्ष, विचारी मुकादम शिवराळ, हट्टी व धरसोड्या झाला. हा आमचा गेज नव्हेच, असें स्नेही म्हणूं लागले. कंपनीनें त्याला पूर्वीच्या जागीं घेतलें नाहीं.

कठोपनिषदांत बुद्धीला सारथी व मनाला लगाम म्हटलें आहे. त्या सारथ्याची बैठक बऱ्याच अंशीं कपाळाच्या हाडामागें आहे, असें म्हणावयास आतां हरकत नाहीं. आवेग आवरणें, परिणाम ओळखणें, दुसऱ्याचें मन जाणणें हीं कामें मेंदूच्या त्या भागावर पुष्कळ अवलंबून असतात. (वेदान्ती वाचकांनीं रागावूं नये, त्यांचा आत्मा साक्षी आहे, त्याला पहार लागत नाहीं.)

हें सांगण्याचें कारण घरगुती आहे. अर्धांगाच्या झटक्यानंतर किंवा उतारवयांत एखादे शांत वडील पाहुण्यांदेखत अद्वातद्वा बोलूं लागतात, सुनेला शिव्या देतात, पैसा उधळतात. मंडळी म्हणतात, "इतके दिवस सोंग होतें, आतां खरें रूप दिसलें." हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. अशांच्या हातीं तिजोरीची किल्ली देऊं नये, सुनेनेंही सारें निमूटपणें सोसावें असें नाहीं. पण सत्तर वर्षांच्या आयुष्याची किंमत शेवटच्या दोन वर्षांवरून ठरवूं नये. आधीं डॉक्टरांस दाखवावें.

गेज १८५२ सालीं चिली देशास गेला व तेथें कित्येक वर्षें सहा घोड्यांची प्रवासी गाडी हांकीत होता. घोडे, उतारू व वेळ सांभाळणें हें संयमाचेंच काम. तेव्हां नियमित दिनचर्येनें त्याचें वर्तन बरेंच सुधारलें असावें, असें अलीकडील कांहीं संशोधक मानतात. १८६० सालीं अपस्माराच्या झटक्यांनीं तो वारला. त्याची कवटी व ती पहार हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत.