जुनी गाडी आणि पाठचिकित्सा

फुलंब्रीहून छत्रपती संभाजीनगर तीसेक किलोमीटरच्या आतबाहेर आहे. मात्र मध्ये चौक्याचा घाट लागतो. वडिलांचे डायालिसिस आठवड्यातून दोनदा शहरात होऊ लागल्यापासून हे अंतर आम्ही किलोमीटरमध्ये मोजणे सोडून दिले. उपचारानंतर थकलेल्या माणसाला एसटीच्या पायरीवर चढवणे जमेना आणि प्रत्येक वेळी भाड्याची गाडी परवडेना. नवी गाडी आवाक्याबाहेर असल्याने जुनी, उंच बैठकीची, घाटात न दमणारी छोटी डिझेल गाडी घ्यावी असे ठरले.

पसंती ब्रेझावर स्थिरावली. मार्च २०१६ मध्ये ही गाडी बाजारात आली तेव्हा तिच्यात मूळ फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन होते. हेच इंजिन स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांत असल्यामुळे त्याला गमतीने राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हटले जाई. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि मारुतीने डिझेल मोटारी बनवणे थांबवले. म्हणजे मला हवी असलेली गाडी जुनीच मिळणार होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यापासून स्वस्त इंधनाचा मोह तसा उरलेला नाही. परंतु भरल्या गाडीला चढावर लागणारी ओढ अजून डिझेलमध्येच आहे, असे माझ्यापुरते गणित होते.

दोन गाड्या पाहिल्या. दोन्ही २०१७ च्या.

पहिली शहरातल्या एका विक्रेत्याकडे होती. रंग आरशासारखा, आत सुगंध, मीटरवर ५४ हजार किलोमीटर. इंजिन मी पोहोचण्यापूर्वीच गरम करून ठेवलेले. डिझेल इंजिनाचे दुखणे कळते ते थंड असताना: किती वेळ फिरवल्यावर ते सुरू होते, पहिला धूर पांढरा येतो की निळा, खडखडाट किती वेळ टिकतो. आधीच गरम केलेले इंजिन म्हणजे पढवून आणलेला साक्षीदार. मी टायर पाहिले. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे चारही टायरांवर २३१९ होते, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडीचे मूळ टायर दोन-सव्वादोन वर्षांत झिजले असतील, तर एकूण धाव ५४ हजार कशी? टायर बदलण्याला इतर कारणेही असू शकतात. एका पुराव्यावर निकाल देता येत नाही. पण क्लचच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झाले होते, आणि अधिकृत सर्व्हिस केंद्रात गाडीच्या क्रमांकावरून चौकशी केली तेव्हा २०२१ मधलीच नोंद ८८ हजारांची निघाली.

दुसरी गाडी सिल्लोडच्या बाजूच्या एका शेतकऱ्याची होती. २०१७ मध्ये अद्रकाच्या पैशांतून घेतलेली. मीटरवर १ लाख १२ हजार, पुढचा बंपर खरचटलेला, सीटवर मातीचे डाग. मी न कळवता सकाळी सातला गेलो, बॉनेटवर हात ठेवला, थंड होते. गाडी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली. सोबतच्या मिस्तरींनी चालू इंजिनावर ऑइलचे झाकण उघडून वाफेचा जोर पाहिला, झाकणाच्या आत दुधाळ थर नाही ना ते पाहिले. असा थर असला की कूलंटचे पाणी ऑइलमध्ये मिसळल्याचा संशय येतो. मालकाने खताच्या पावत्यांबरोबर ठेवलेली सर्व्हिसची बिले काढली. मधली दीड वर्षे नव्हती. ते म्हणाले, "सर, तवा गावातच ऑइल बदलायचो, त्याची कुठं पावती? अन् बंपर बैलगाडीला घासला. लपवायचं काय त्यात?"

वर्गात पाठचिकित्सा शिकवताना एक गोष्ट विद्यार्थ्यांना पटवावी लागते: सुवाच्य, एकसारखी, निर्दोष दिसणारी पोथी अधिक विश्वसनीय असते असे नाही. कळत नसलेला शब्द तसाच उतरवणारा अडाणी लेखनिक संपादकाला उपकारक ठरतो; शहाणा लेखनिक अवघड जागा सोपी करून टाकतो आणि मूळ पाठ कायमचा हरवतो. आमच्याच जिल्ह्यात, पैठणला, एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती अपपाठ शिरले होते म्हणून. त्यांचे काम प्रत सजवण्याचे नव्हते.

ही तुलना फार ताणू नये. पोथीत चूक निघाली तर तळटीप देता येते. घाटात ब्रेक गेला तर देता येत नाही. म्हणून मालकाच्या प्रामाणिकपणावर मी विसंबलो नाही. प्रामाणिक माणसाच्या गाडीचाही टर्बो जाऊ शकतो. चौघे बसून चौक्याचा घाट चढलो. दोन हजार फेऱ्यांच्या खाली इंजिन आळसावते, हा त्याचा स्वभाव; त्यापुढे ओढ सलग होती, काळा धूर नव्हता. क्लच मात्र सरकत होता. मिस्तरींनी क्लच आणि पुढच्या सस्पेन्शनचा खर्च कागदावर मांडला आणि तो किमतीतून वजा करण्यास मालक तयार झाले. त्रुटी उघड असल्यामुळे तिची किंमत करता आली. पहिल्या गाडीत नेमके काय झाकले आहे हेच माहीत नव्हते, त्यामुळे कितीही सवलत पुरेशी ठरली नसती.

नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या, कर्जाचा बोजा नसल्याची खात्री झाली, विमा नावावर आला. नोंदणी २०३२ पर्यंत आहे. न सापडलेल्या दीड वर्षाची जागा मी नव्या नोंदवहीत कोरी सोडली आहे. तिच्याखाली क्लच बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहिले आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी वडील पुढच्या सीटवर बसतात. उतरताना त्यांना आता माझा खांदा लागतो, पायरी लागत नाही.