अजून लागतो ना?

वसुबारसेला अजून नऊ दिवस होते, आणि आमच्या मोटारीने किरकिर सुरू केली. सकाळी गाडी फाटकातून मागे घेत होतो. ब्रेकवर पाय ठेवला आणि पुढच्या चाकातून चकलीचा सोऱ्या फिरवताना येतो तसा एक बारीक, कोरडा आवाज आला. पिठाचे हात घेऊन सौभाग्यवती बाहेर आल्या.

"मी म्हटलं, माझा सोऱ्या घेतला कोणी?" त्या म्हणाल्या. मग चाकाकडे बघून, "अजून लागतो ना?"

"लागतो की," मी म्हणालो.

साताऱ्यातली आश्विनातली सकाळ म्हणजे दव. रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या लोखंडी डिस्कवर गंजाचा पातळ थर धरतो. दोन-चारदा ब्रेक दाबला की तो पुसला जातो आणि आवाजही थांबतो. हे मला ठाऊक होते. थोडेसे ज्ञान असले की आपल्याला सोयीचे कारण चटकन सापडते. पोवई नाक्यापर्यंत जाईतो आवाज थांबलाही. मी विजयी मुद्रेने भाजी घेऊन परत आलो.

चौथ्या दिवशी मात्र तो भर दुपारीही थांबेना. शेजारच्या एका गृहस्थांनी, ज्यांच्याकडे मोटार नाही, "धूळ असेल" असा निर्वाळा दिला. दुसऱ्यांनी "चारही चाकांचं सगळं बदलून टाका" असे सांगितले. त्यांच्या मुलाचे गॅरेज आहे. मी स्वतःच तपास करायचे ठरवले. रात्री बॅटरी घेऊन चाकाच्या आऱ्यांमधून डोकावलो. डिस्कला चिकटलेले बाहेरचे पॅड दिसत होते आणि त्यावर चांगला पाच-सहा मिलिमीटर माल शिल्लक होता. नवे पॅड दहा-बारा मिलिमीटरचे असते आणि तीनवर आले की बदलावे, असे म्हणतात. म्हणजे अजून सहज वर्ष जाईल, असा हिशेब मी मांडला. मग बॉनेट उघडले, तर ब्रेक-ऑइलची पातळी खालच्या रेघेला टेकलेली. तेवढे तेल मी आणून ओतले, टाकी काठोकाठ भरली, हात पुसले आणि झोपी गेलो. या एका संध्याकाळी मी दोन चुका केल्या होत्या, पण त्या पुढे कळल्या.

तुम्ही म्हणाल, एवढा घोळ कशाला? दोन-अडीच हजारांचा प्रश्न. बदलून टाकायची आणि मोकळे व्हायचे. पण गॅरेजच्या दारात उभ्या राहिलेल्या मध्यमवर्गीय माणसाचे मन तुम्हांला ठाऊक आहे. लवकर बदलले तर चांगला माल फेकल्याची टोचणी आणि मिस्त्रीने आपल्याला बनवले ही शंका. उशीर केला तर काय, ते मात्र उशीर झाल्यावरच कळते. आणि ब्रेक हे मोठे इमानी यंत्र. दिवा विझतो, टायर बसतो, बॅटरी एके दिवशी राम म्हणते, पण ब्रेक झिजता झिजताही लागत राहतो. 'अजून लागतो ना?' या प्रश्नाला तो बिचारा शेवटच्या आठवड्यापर्यंत 'हो' म्हणतो.

ही अडचण मोटारीइतकीच जुनी आहे. 1888 च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ ही बाई, नवऱ्याला न सांगता, त्याने तयार केलेली मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. कशाला, तर आईकडे! वाट शंभरएक किलोमीटरची. तिच्या गाडीचे ब्रेक म्हणजे लाकडी ठोकळे, आणि उतारांवर ते झिजले. तेव्हा वाटेत एका मोच्याकडून तिने त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. जगातले पहिले ब्रेक-लायनर असे माहेरच्या वाटेवर तयार झाले. मला यात कौतुक वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. झिजले हे कळताच ती थांबली. 'आईकडे पोचू, मग बघू' असे म्हणाली नाही.

मी तसे म्हणालो होतो. 2014 च्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीजेला चिपळूणला, बहिणीकडे जायचे होते. आई बरोबर होती. आवाज तेव्हाही आठवडाभर येत होता, आणि 'दिवाळी होऊ द्या' असे म्हणून मी तो ऐकला न ऐकलासा केला. उंब्रज, पाटण, कोयनानगर सारे सुरळीत गेले. हेळवाक मागे पडले, कुंभार्ली घाटाचा उतार लागला, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर किरकिरीचा एकदम खरखराट झाला. लोखंडावर लोखंड घासत होते. मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच केले. आणखी जोरात ब्रेक दाबला. गाडी मंदावायची, पण जितकी हवी तितकी नाही. काहीतरी जळल्याचा वास आत आला. हिने माझा दंड धरला. समोरून एक ट्रक वर चढत होता.

तेवढ्यात मागच्या सीटवरून आईचा आवाज आला. चढलेला मुळीच नव्हता. भाताला पाणी किती घालायचे ते सांगावे तसा.

"दुसऱ्यात टाक. आणि ब्रेकवरचा पाय काढ."

आईने जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. पण आप्पा एस्.टी.त ड्रायव्हर होते. लग्नानंतरची कित्येक वर्षे ती चिपळूणला माहेरी जाई ती आप्पांच्याच गाडीने, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा आप्पांचा नियम. गाडी इंजिनावर धरायची आणि ब्रेक वळणापुरता राखून ठेवायचा. इंजिनाचा आवाज ऐकून आईला आता कितवा गिअर आहे ते कळे. मला, त्या दोघांच्या मुलाला, मोटार चालवायला लागून पंधरा वर्षे झाली तरी ते कळत नव्हते.

मी दुसरा गिअर टाकला. इंजिन गुरगुरले, गाडीला कुणी मागून धरल्यासारखी ती सावकाश झाली. पोफळीपर्यंत आम्ही तसेच उतरलो. कोणी बोलले नाही. खाली पोचल्यावर आईने पिशवीतून लाडू काढून मला दिला, लहानपणी पडून रडत आलो की देत असे तसा. चिपळूणच्या मिस्त्रीने चाक काढले तेव्हा पॅडची नुसती लोखंडी पाठ उरली होती आणि डिस्कवर नांगराच्या तासासारखे ओरखडे. दोन्ही डिस्क बदलाव्या लागल्या. पैशांचा आकडा मी बहिणीला सांगितला नाही.

त्यानंतर काही वर्षे मी फार शहाण्यासारखा वागलो. मग आई गेली, कुंभार्लीला जाणे कमी झाले आणि शहाणपणही झिजले. यंदा बहिणीने मुद्दाम बोलावले होते. दहाव्या रात्री म्हणा, अकराव्या म्हणा, मी अंथरुणात पडून बाहेरच्या पॅडचे पाच-सहा मिलिमीटर मोजत होतो, तेव्हा ही अंधारातच म्हणाली, "आई असत्या तर तुम्ही त्यांना या गाडीत बसवलं असतंत का?"

सकाळी मी गॅरेजमध्ये होतो.

मिस्त्रीने चाक उतरवले आणि दोन्ही पॅड माझ्या हातावर ठेवली. "साहेब, बाहेरचं बघून काय उपयोग? आतलं बघा की." बाहेरच्याला खरोखर पाच मिलिमीटर होते. आतल्याला जेमतेम दोन. अशा ब्रेकांत आतले पॅड बहुधा आधी संपते, आणि ते चाक काढल्याशिवाय दिसत नाही. किरकिर करीत होती ती त्याच पॅडला बसवलेली एक छोटी पोलादी पट्टी. माल संपत आला की तिने डिस्कला टेकून ओरडावे, म्हणूनच ती तिथे असते. एवढा प्रामाणिक निरोप्या, आणि मी त्याला दव म्हणत होतो!

तेलाच्या टाकीचे झाकण काढून तो हसला. "तेल कुणी ओतलं?" पॅड झिजली की पिस्टन बाहेर येतो आणि तेल त्याच्यामागे खाली उतरते. पातळी कमी झाली हीच झिजेची खूण होती, आणि ती खूण मी काठोकाठ भरून पुसून टाकली होती. नव्या पॅडसाठी पिस्टन मागे ढकलला असता तर ते सारे उतू जाऊन रंगावर सांडले असते. त्याने पिचकारीने जादा तेल ओढून घेतले, माझ्याकडे न बघता. दोन्ही बाजूंची पॅड जोडीनेच बदलली. एकीकडे नवी आणि एकीकडे जुनी असली की गाडी एका अंगाला ओढते. मागच्या चाकांचे मात्र अजून बरेच आयुष्य होते. ब्रेक लागला की एस्.टी.तला उभा उतारू जसा पुढच्याच्या पाठीवर जातो, तसे सगळे ओझे पुढच्या चाकांवर येते. झिजायचे तेही त्यांनीच.

"दोनशे किलोमीटर जोरात दाबू नका," तो म्हणाला. "पॅड बसू द्या. मग घाट." हे ऐकल्यावर हिने कऱ्हाडला दोन फेऱ्या करवल्या, जाऊन-येऊन शंभरएक किलोमीटरच्या. पॅड बसली आणि दोन साड्याही आल्या.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. हेळवाकनंतर धुके होते. मागच्या सीटवर चकल्यांचा डबा, बहिणीची साडी आणि रिकामी जागा. उतार लागला तसा मी आरशात एकदा पाहिले आणि गिअरकडे हात नेला.

"दुसऱ्यात ना?" ही म्हणाली.