शेवटच्या कडव्यातलं नाव

जॉन लेननने १९७५ साली एक अख्खा अल्बम दुसऱ्यांच्या गाण्यांचा काढला. चक बेरी, बडी हॉली. ज्यांची गाणी ऐकत तो वाढला, ती माणसं. स्वतःची इतकी गाणी गाठीशी असलेला गवई असं करतो, तेव्हा तो आपलं गणगोत सांगत असतो, असं मला वाटतं.

नागपूरच्या पोराचं गणगोत कुठलं? अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे निघालं की रस्ताभर स्टॉल. एका भोंग्यावरचं गाणं सरायच्या आत शेजारच्यावर दुसरं लागलेलं असतं. त्यात कितीतरी वामनदादा कर्डकांची. सिन्नरजवळच्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस शाळेत गेला नाही, अक्षरओळख झाली ती मोठेपणी मुंबईत. २००४ मध्ये ते गेले, पण गाणी हयातीतच गायनपार्ट्यांच्या तोंडी गावोगाव पोचली होती.

माझा भाचा रॉक वाजवतो. स्वतःची गाणी आहेत, तरी पहिला अल्बम त्यानं वामनदादांच्या गाण्यांचा करायला घेतलाय. मुंबईच्या कबीर शाक्य यांच्या ‘धम्म विंग्ज’नं बुद्ध-भीमगीतांना रॉकचा आवाज दिलाच आहे, तरी प्रत्येकाला आपला सूर नव्यानं शोधावा लागतो. इंदोऱ्यातल्या वरच्या खोलीत, भिंतींना गाद्या लावून, रेकॉर्डिंग चालतं. ढोलकीचा केरवा ड्रमच्या चारात अलगद बसला. अडलं पेटीपाशी. कडव्यातून ध्रुवपदावर येताना पेटी गाणाऱ्याला हात धरून आणते. गिटारचं डिस्टॉर्शन तिथे नुसतं अंगावर येत होतं. शेवटी त्यानं ती जागा एकट्या बेसवर सोडली. कोरस उचलतो तेव्हाच गिटार येते. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

लेननच्या रेकॉर्डवर मूळ गीतकारांची नावं छापलेली असतात. आपल्याकडे तुकोबांपासून कवी शेवटच्या कडव्यात स्वतः हजर. गाणारा कुणीही असो, ‘वामन’ त्याला स्वतःच्या तोंडानं म्हणावंच लागतं. गाळलं तर ओळच मोडते. म्हणून ही गाणी कुणाला लाटता येत नाहीत.

मिक्स ऐकताना नेमकं तेच नाव गिटारखाली दबलं.

“मामा, नावच ऐकू नाही आलं तर गाणं कोणाचं आहे, हे लोकायले कसं समजन?” असं म्हणून त्यानं गिटारचे दोन्ही ट्रॅक खाली घेतले.