चकचकीत नको, घट्ट हवं

आमच्या बिल्डर शेठनी मनावर घेतलं की प्रौढ बौद्धिक दिव्यांगांच्या एका निवासाची दुरुस्ती फुकट करून द्यायची. तिथले बहुतेक रहिवासी चाळिशी-पन्नाशीचे. कुणाचे आईवडील थकलेले, कुणाचे गेलेले. ‘आमच्यानंतर याचं काय?’ हा अशा प्रत्येक घरातला प्रश्न. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली, पण नहाणी गळायला लागली की गवंडीच लागतो.

शेठची यादी तयार होती : एका साइटवर उरलेल्या ग्लॉसी टाइल्स, दर्शनी भिंतीला रंग, प्रवेशाला ग्रॅनाइट. देणगीदाराची पाटी अर्थातच. तिथल्या अधीक्षक ताईंनी यादी वाचली, घडी घालून माझ्या हातात परत दिली आणि म्हणाल्या, “इंजिनिअर साहेब, आधी न्हाणीघर बघा.”

दार अडीच फुटी, आपल्या फ्लॅटमध्ये असतं तसंच. व्हीलचेअर दारातच अडायची. मग काळजी घेणाऱ्या दोघी मावश्या माणसाला उचलून आत न्यायच्या. दार आत उघडणारं. आत कुणाला फिट आली आणि तो दाराला टेकून पडला, तर बाहेरून ढकलणार कसं? आम्ही चौकट काढून तीन फुटांची रुंदी मोकळी केली, दार बाहेर उघडणारं केलं आणि कडी बाहेरूनही निघेल अशी बसवली. ग्लॉसी टाइल्स ओल्या झाल्या की पाय ठरत नाही, म्हणून त्या परत गोडाऊनला गेल्या. खरबरीत टाइल्स विकत आणाव्या लागल्या. शेठ थोडे कुरकुरले, पण पैसे दिले.

धरायच्या दांड्यांचं काम सगळ्यात किचकट निघालं. भिंत चार इंची सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकची. त्यात साधा फास्टनर टॉवेल टांगण्यापुरता टिकतो, सत्तर किलोच्या माणसाने भार टाकला की भोकासकट बाहेर येतो. भिंतीला आरपार भोकं पाडली, पलीकडून पोलादी पट्टी लावली आणि बोल्ट आवळले. दांडीची उंची ठरवताना नकाशा बाजूला ठेवला. ताईंनी एकेकाला कोरड्या कमोडवर बसवलं, त्याचा हात जिथे आपसूक गेला तिथे मी खडूने खूण केली. सोलरचं पाणी उन्हाळ्यात हात पोळेल इतकं तापतं, आणि चटका बसला हे सांगता न येणारी माणसं तिथे आहेत. म्हणून पाण्याचं तापमान आपोआप मर्यादेत ठेवणारा मिक्सर बसवला. तो महाग असतो आणि फोटोत दिसत नाही.

दारात सहा इंचांची पायरी होती. एकास बाराच्या उताराने रॅम्प सहा फूट हवा. मिस्त्री पार्किंगला स्कूटर चढवतात तसा तीन फुटांत उरकायला निघाला होता. मी त्यालाच व्हीलचेअरवर बसवून तसल्याच एका उतारावर ढकललं. पुढे वाद झाला नाही.

टाइल कटरच्या आवाजाने एक स्वमग्न गृहस्थ कान दाबून ओरडायला लागायचे. मग कापाकापीची वेळ बदलली : सगळे कार्यशाळेत पणत्या रंगवायला गेले की मशिन सुरू, जेवायला परतायच्या आत बंद. बिगाऱ्यांना आधी हे नखरे वाटले. पुढे तेच घड्याळ बघायला लागले. एक रहिवासी मात्र रोज माझा टेप मागून घेऊन दारं मोजायचे. वयाने माझ्यापेक्षा मोठे, मला काका म्हणायचे.

काम संपलं, पाटी लागली, फोटो निघाले. पहिल्याच पावसाळ्यानंतर ताईंचा फोन आला : नहाणी ट्रॅप तुंबतोय, दोन नळ ठिबकतायत, दाराची बिजागरी ढिली झालीय. वापर दांडगा असतो तिथे हे होणारच, आणि असल्या किरकोळ कामांना देणगीदार मिळत नाही. तेव्हापासून आमचा प्लंबर महिन्यातून एक दिवस तिथे जातो. त्याची हजेरी आमच्याच मस्टरवर लागते.

बांधकाम व्यवसायातल्या मंडळींना एवढंच सांगतो : तुमच्या गावात असं घर असेल तर ग्रॅनाइट पाठवू नका, महिन्यातून एकदा प्लंबर पाठवा. आणि काय दुरुस्त करायचं, हे त्याला तिथल्या मावशींना विचारू द्या.