रानातल्या मुक्कामाची बांधाबांध

तुमसर हे धानाचे आणि मँगनीजचे गाव. दिवाळीनंतर धानाच्या गाड्या बाजारात येऊ लागल्या, की येथील व्यापारी घरांना मान वर करण्यास सवड नसते. ती मिळते नाताळच्या सुट्टीत किंवा संक्रांतीच्या आसपास. आणि मग मुलांचा हट्ट सुरू होतो : हॉटेल नको, तंबूत राहू या. त्यासाठी दूर जावे लागत नाही. गायमुख, आंबागडचा जुना किल्ला, चांदपूरचा जलाशय, मध्य प्रदेशाच्या सीमेवरून वाहणारी बावनथडी, ही सारी ठिकाणे तालुक्यातच आहेत. नागझिऱ्याचे नाव हमखास निघते; परंतु अभयारण्यात स्वतःचा तंबू ठोकता येत नाही, तेथे वनविभागाच्या निवासातच राहावे लागते. इतरत्रही जागा ज्या खात्याची, त्याची परवानगी आधी घ्यावी.

बेत ठरतो, गाडीत कोण कोण बसणार याची मोजणी होते, आणि आजी म्हणतात, “तुम्ही जाऊन या.” थंडीचे निमित्त सांगितले जाते, खरे कारण चौविहाराचे असते. रानात सूर्यास्तापूर्वी जेवण होईल का, पाणी गाळलेले मिळेल का, सकाळी उकाळलेले पाणी कोण देईल, हे प्रश्न त्या विचारीत नाहीत, कारण आपल्यामुळे मुलांचा विरस व्हावा असे त्यांना वाटत नाही. सामानाची यादी या प्रश्नांपासून सुरू केली, तर आजी घरी राहत नाहीत. तंबूंची संख्या, गाद्या, खुर्च्या हा विचार त्यानंतरचा.

वस्तुतः तंबूतला मुक्काम या समाजाला नवा नाही. छ’री पालित संघ निघतो, तेव्हा शेकडो यात्रेकरू दिवसा पायी चालतात, एक वेळ जेवतात आणि रात्री वाटेवरच्या मुक्कामी जमिनीवर झोपतात. त्या संघांचे सामान पाहिलेल्या माणसाला कळते, की ते थोडे असते आणि त्यातील प्रत्येक वस्तूची वेळ ठरलेली असते.

डिसेंबरच्या मध्यास तुमसर भागात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. दुकानाचे शटर चार वाजता ओढून निघालेले कुटुंब मुक्कामी पोहोचेपर्यंत चूल पेटवण्याची वेळ टळलेली असते, मग बरोबर कितीही सामान असो. म्हणून निघायचे ते सकाळीच. संध्याकाळचे जेवण पाचच्या आत उरकेल असे हवे : मूगडाळ-तांदळाची खिचडी, सोबत तूप आणि पापड. गावचा तांदूळ असताना दुसरे काय न्यावे! बटाटा, कांदा, गाजर नसल्याने टोपली हलकी होते, हा एक फायदाच. दही नेऊ नये. खिचडीतल्या डाळीबरोबर कच्चे दही ताटात आले की द्विदलाचा दोष लागतो.

दुसऱ्या दिवसासाठी ठेपले बांधण्याचा मोह अनेक घरांत होतो. ठेपल्यात ओलावा राहतो आणि रात्र उलटली की ते वासी होतात. खाकरा कोरडा, म्हणून तो चालतो. मर्यादेचे हिशोब मात्र घरच्या परंपरेने पाहावेत. श्वेतांबर घरांत अशा कोरड्या जिनसांना हिवाळ्यात 30, उन्हाळ्यात 20 आणि पावसाळ्यात 15 दिवसांची मुदत मानतात. दिगंबर घरांत पिठालाच हिवाळ्यात 7, उन्हाळ्यात 5 व पावसाळ्यात 3 दिवसांची मर्यादा असते. दोन्ही परंपरांची मंडळी एकत्र जाणार असतील, तर कडक मर्यादा धरून दळण करावे; वाद उरत नाही.

पाण्यासाठी जाड, दुहेरी गाळणे आणि घट्ट झाकणाची दोन भांडी लागतात. जलाशयाचे पाणी गाळले, की गाळणे उलटे धरून गाळलेल्या पाण्याने त्याच जलाशयात हलकेच धुवावे. त्यासाठी लहान तांब्या वेगळा ठेवावा. उकाळलेल्या पाण्याची मुदत हिवाळ्यात चार प्रहर. म्हणजे सायंकाळी उकाळलेले पाणी सकाळी बाद होते, आणि नवकारशीपूर्वी शेगडी पुन्हा पेटवावी लागते. लहान सिलिंडर आणि वाऱ्याला अडवणारा पत्रा म्हणूनच हवा. रानातल्या वाळक्या फांद्यांवर विसंबू नये. त्यांच्या सालीखाली किडे-मुंग्यांची वस्ती असते.

निवाऱ्याचे निम्मे सामान तर गोदामातच सापडते. तंबूखाली अंथरण्यास धान झाकायची ताडपत्री, बांधण्यास सुतळी, पायपुसणे म्हणून रिकामे बारदान. पूर्व विदर्भात हिवाळ्याच्या रात्री पारा 10 अंशांखाली उतरतो आणि थंडी अंगाखालून येते. पांघरायला दोन रजया घेऊन खाली पातळ चादर टाकणारा पहाटे कुडकुडत बसतो. सतरंजी खाली दुहेरी घालावी. ताडपत्री पसरण्यापूर्वी जागा पुंजणीने झाडून घ्यावी, म्हणजे मुंग्यांची रांग तिच्याखाली चिरडत नाही. डासांसाठी अगरबत्ती नको, मच्छरदाणी न्यावी. हिवतापाच्या या पट्ट्यात ती तशीही आवश्यक आहे. दिवा पांढऱ्यापेक्षा पिवळ्या प्रकाशाचा घ्यावा, त्यावर किडे कमी झेपावतात. तंबूची चेन लावल्यावरच तो पेटवावा.

सर्वांत महत्त्वाची पुडी औषधांची. पाच वाजता जेवून चौविहार केलेल्या व्यक्तीच्या पोटात पुढचा घास दुसऱ्या दिवशी साडेसातनंतर पडतो, कारण नवकारशी सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी येते. हे अंतर साडेचौदा तासांचे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत ते धोक्याचे ठरू शकते. घरी संकट आले तर दवाखाना जवळ असतो, रानात नसतो. रात्रीची गोळी कधी घ्यावी, मात्रा बदलावी का, हे निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. साखर मोजण्याचे यंत्र आणि खडीसाखर उशाशी ठेवावी, आणि साखर उतरली तर ती त्याच क्षणी द्यावी. नियमाची सूट गुरुमहाराजांकडून आधीच मागून ठेवणाऱ्या आजीही आहेत. असे कुटुंब निर्धास्त झोपते.

परतीसाठी दोन रिकामी पोती घ्यावीत, एक कचऱ्यासाठी आणि एक दवाने भिजलेल्या ताडपत्रीसाठी. घरी आल्यावर ताडपत्री उन्हात वाळवूनच गोदामात ठेवावी. ओली घडी केली तर तिला बुरशी धरते.