संगणकाच्या राखणदाराची पारख

नाशिकच्या सराफ बाजारात सोने घेणारा माणूस केवळ विक्रेत्याच्या शब्दावर विसंबत नाही. पूर्वी कसोटीचा दगड होता, आता हॉलमार्क आहे. तोच माणूस संगणकासाठी अँटिव्हायरस घेताना मात्र विक्रेता जे पुढे सरकवील ते घेतो, नाहीतर फुकट मिळते म्हणून कोणतेही उतरवून घेतो. पेढीची खतावणी, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचे व्यवहार ज्या यंत्रात आहेत, त्याच्या राखणदाराची पारख इतकी सैल असावी, हे नवलच.

वास्तविक या क्षेत्रातही त्रयस्थ परीक्षक आहेत. जर्मनीतील एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, संगणकाच्या वेगावरील परिणाम आणि वापरातील सुलभता यांना प्रत्येकी 6, असे एकूण 18 पैकी गुण देते. निर्दोष फाइलला विषाणू ठरवल्यास तिसऱ्या सदरातील गुण कापले जातात. विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी हिशेबाची प्रणालीच अडकून पडावी, हा प्रसंग व्यापाऱ्याला विषाणूहून कमी जाचक नसतो. ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्हज अशाच चाचण्या घेते. दोघींचे निकाल कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

या चाचण्यांचे शुल्क पुष्कळदा उत्पादकच भरतात, म्हणून शंका येणे स्वाभाविक आहे. पण लेखापरीक्षकाचे शुल्कही कंपनीच भरते. प्रश्न असतो तो परीक्षकाच्या कण्याचा. 2015 मध्ये चीनच्या किहू 360 या कंपनीने परीक्षेला एक आणि ग्राहकांना दुसरी मांडणी दिल्याचे उघड झाले. नमुना एक, माल दुसरा! या दोन संस्थांनी ब्रिटनच्या व्हायरस बुलेटिनसह कंपनीची त्या वर्षाची प्रमाणपत्रे रद्द केली.

मायक्रोसॉफ्टच्या मोफत संरक्षणाला 2012 च्या अखेरीस एव्ही-टेस्टने प्रमाणपत्र नाकारले होते. त्याच कंपनीच्या डिफेंडरने अलीकडच्या वर्षांत अनेकदा 18 पैकी 18 गुण मिळवले आहेत. अर्थात केवळ किमतीवरून प्रत ठरत नाही, आणि दहा वर्षांपूर्वीचे मतही आज चालत नाही. मग पैसे कशाचे? पुण्यातील काटकर बंधूंनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या व्यवसायातून उभी केलेली क्विक हील घ्या किंवा अन्य कोणतीही कंपनी. ग्राहक प्रामुख्याने अडचणीच्या वेळची मदत, अनेक संगणकांची एकत्र देखरेख आणि काही जादा सोयी यांचे मोल देतो. चार संगणकांच्या पेढीला ते परवडते. घरातील एका संगणकाला त्याची गरज असेलच असे नाही.

फुकटातही भेद आहे. अवास्टच्या मोफत आवृत्तीचा परवाना केवळ घरगुती वापरासाठी असतो. दुकानात ती वापरणे नियमबाह्य ठरते. शिवाय ग्राहकांच्या इंटरनेट वापराची माहिती उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल 2024 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अवास्टवर 1 कोटी 65 लाख डॉलरची वसुली लादली. फुकट राखणदाराने घरातील बोलणे बाहेर विकावे, असाच हा प्रकार.

पूर्ण गुण मिळवणारी प्रणालीही ग्राहकाने स्वतः सांगितलेला ओटीपी परत आणू शकत नाही. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे. जुन्या संगणकावर नवा अँटिव्हायरस घेण्याआधी ते पाहावे. हिशेबाची प्रत रोज बाह्य डिस्कवर घ्यावी आणि काम होताच डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली, तर खंडणी मागणारा विषाणू तिलाही कुलूप लावतो.